हात स्वच्छ ठेवा

"लिवलंय की साहेब तिथं," एकनाथ म्हणाला, आणि पट्टी बांधलेलं मधलं बोट त्याने भिंतीकडे उचललं.

स्वरूपने आधी त्या बोटाकडेच पाहिलं. काल सकाळी साडेदहाला, मस्कतच्या गाला भागातल्या या शेडमध्ये, पत्र्याला गोल वाक देणाऱ्या रोलिंग मशीनमध्ये एकनाथच्या हातातलं फडकं ओढलं गेलं होतं आणि फडक्यामागोमाग बोट. पलीकडच्या बाजूच्या मल्याळी फिटरने लाल बटण दाबलं म्हणून एका नखावर आणि चार टाक्यांवर निभावलं. स्वरूप या कंपनीचा सेफ्टी ऑफिसर. अशा वेळी काय करायचं ते त्याला पाठ होतं. चोवीस तासांत चौकशी, अठ्ठेचाळीस तासांत रिपोर्ट, आणि रिपोर्टच्या शेवटी ‘मूळ कारण’ नावाचा रकाना, ज्यात अकरा वर्षांत त्याने बहुतेक वेळा एकच गोष्ट लिहिली होती : कामगाराचा निष्काळजीपणा. आजही पेन तिथवर जवळजवळ पोचलं होतं. चालू मशीनपाशी फडक्याने हात का पुसत होतात, एवढं विचारायचं, समोरच्याने मान खाली घालून ‘चुकलं साहेब’ म्हणायचं, सही करायची. एकनाथला आधी दोन लेखी ताकिदी मिळालेल्या होत्या, एक गॉगल न लावल्याची, एक मोबाइलची. तिसरीनंतर माणूस घरी जातो हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. एकनाथलाही माहीत असणार. पण त्याने मान खाली घातली नव्हती. तो भिंतीकडे बघत होता, आपल्या बाजूच्या साक्षीदाराकडे बघावं तसा.

भिंतीवर पिवळा बोर्ड होता. वर काळ्या हाताचं चित्र, खाली पाच भाषांतल्या पाच ओळी. हा बोर्ड स्वरूपनेच लावून घेतला होता, आणि रोज त्याच्याखालून जाताना त्याला तो दिसतही होता, म्हणजे पिवळा रंग दिसत होता. पाचवी ओळ मराठी. त्याने ती वाचली. ‘यंत्र थांबेपर्यंत हात स्वच्छ ठेवा.’ त्याला काही वाटलं नाही. ठीक ओळ होती, सरकारी बोर्डावर असते तशी. मग एकनाथ काहीच बोलेना म्हणून त्याने ती पुन्हा वाचली, आणि या वेळी ‘स्वच्छ’ या शब्दापाशी त्याच्या मानेवरून कुणीतरी गार बोट फिरवावं तसं झालं. त्याने वर इंग्रजी ओळ पाहिली. ‘कीप हँड्स क्लिअर.’ हात लांब ठेवा, बाजूला ठेवा. भाषांतर करणाऱ्या कुठल्या तरी यंत्राने त्या ‘क्लिअर’चं ‘स्वच्छ’ केलं होतं, आणि ते भिंतीवर चढलं होतं.

"तुम्ही कधीपासून पुसताय?" त्याने विचारलं. आवाज स्वतःलाच थोडा लहान वाटला.

"बोर्ड लागला तवापासनं. चवदा म्हैने झालं असत्याल. तेलकट असत्यात ओ हात. मशीन चालू हाय तवर पुसत ऱ्हायाचं. थांबलं की मग न्हाई पुसत." एकनाथ थांबला आणि समजावून सांगावं तसं म्हणाला, "थांबेपर्यंत म्हनलंय न्हवं."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. पर म्हनलं, कंपनीनं लिवलंय म्हंजे कायतरी असंल. पत्र्याला डाग पडत असत्याल. मी बाकीच्यास्नी बी इचारलं, तुमच्या भाषेत काय लिवलंय म्हनून. कुणीच वाचलं न्हवतं. त्ये हसायला लागलं. बोर्ड काय वाचाय असतुय व्हय म्हनले."

स्वरूपने फॉर्म दुमडून खिशात घातला. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं, कुठेतरी ग्राइंडर एकसुरी किंचाळत होता, आणि त्याच्या डोक्यात राग किंवा भीती येण्याआधी एक भलतीच गोष्ट येऊन बसली होती, ती म्हणजे कुतूहल. या शेडमध्ये नव्वद माणसं. चौदा महिने. त्यातल्या एकाच माणसाने भिंतीवरचं वाक्य वाचलं, त्यावर विचार केला, दुसऱ्यांना विचारलं आणि मग ते पाळलं. आणि त्याचंच बोट मशीनमध्ये गेलं. हे असं का झालं असेल? स्वरूप स्वतः कामगारांना शिकवायचा की अपघात झाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, दर उत्तराच्या मागे अजून एकदा, म्हणजे खरं कारण सापडतं. शिकवताना तो पाच बोटं दाखवायचा. स्वतः तो दुसऱ्या ‘का’च्या पलीकडे कधी गेला नव्हता.

आणि आता तर दुसऱ्याच ‘का’ला त्याला काहीतरी आठवायला लागलं होतं, नीट आठवत मात्र नव्हतं. बोर्ड छापण्याआधी त्याचा नमुना त्याच्याकडे आला होता. मराठी ओळ आपण तपासली होती. तपासली होती हे नक्की, कारण मराठीच्या बाबतीत स्वरूप असं काही सोडणारा माणूस नव्हता. मस्कतच्या मराठी मंडळात त्याचं त्याबद्दल नाव होतं. कुणी ग्रुपवर ‘हार्दीक शुभेच्छा’ लिहिलं की पहिली वेलांटी स्वरूपची यायची. गेल्या फेब्रुवारीत भाषा दिनाला तो वीस मिनिटं बोलला होता, मराठीचा दर्जा कसा घसरत चाललाय यावर. नवी मुलं ‘न’ आणि ‘ण’मध्ये फरक करत नाहीत, पत्रिकेत चुका, पाट्यांवर चुका, वर्तमानपत्रांत चुका. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बोलताना त्याला स्वतःचा आवाज फार आवडला होता, हेही त्याला आता विनाकारण आठवलं. मग हाच माणूस त्या ओळीसमोर बसला होता तेव्हा त्याने काय पाहिलं होतं? त्या दिवशीचा उजेड कसा होता, टेबलावर चहा होता का, फोन वाजला होता का? काहीच आठवेना. आठवणीच्या जागी एक पिवळा चौकोन होता.

चारला सुटी झाल्यावर तो, जिथे बोर्ड छापून घेतला होता त्या जहूरभाईंच्या दुकानात गेला. टायरवाला आणि चहावाला यांच्यामध्ये दाबून बसवल्यासारखं ते टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, व्हिसाचे फॉर्म, शिक्के, बोर्ड, सगळं. जहूरभाई हर्णैचे, पंचावन्नच्या आसपास, चष्मा कपाळावर. सातवीपर्यंत मराठी शाळेत होते, त्याचा त्यांना अभिमान होता आणि थोडा संकोचही. स्वरूपशी बोलताना ते नेहमी जपून, सावरून मराठी बोलत, घरी बोलत तशी कधीच नाही. स्वरूपने काय झालं ते सांगितलं. ते उठले, मागच्या फळीवरून फाइल काढली आणि कागद समोर ठेवला.

नमुना होता. पाच ओळी. मराठी ओळीत ‘थांबेपर्यत’ असं छापलेलं, आणि त्या ‘र्य’वर लाल शाईने ठसठशीत अनुस्वार दिलेला. त्याच्याभोवती वर्तुळ. समासात त्याच लाल शाईत ‘अनुस्वार विसरू नये!’ आणि खाली, ‘तपासले’. आणि सही. स्वरूपची सही, वळणदार, शेवटी रेघ ओढलेली.

तो लाल ठिपका बघताना स्वरूपला पहिल्यांदा हसू आलं, खरंखुरं, आणि ते अर्ध्यात अडकलं. पाच शब्दांच्या पुढे एक सबंध बोट गहाण पडलेलं होतं, आणि त्याने ओळीवर फक्त टिंब दिलं होतं.

"जहूरभाई, तुम्हाला वाचताना काही वाटलं नव्हतं?"

जहूरभाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मग परत कपाळावर नेला. "खरं सांगू? वाटलं होतं. म्हटलं, हे हात स्वच्छ कशाला? आमच्यात असं नाय बोलत. आमच्यात आई बोलली असती, हात लांब घे रे मेल्या." ते ओशाळं हसले. "मग विचार केला, आपली मराठी ती घरातली. शुद्ध मराठीत असंच म्हणत असतील. त्यातलं मला बरंच कळत नाय ना. मंडळाचं निमंत्रण येतं, तेही मला अर्धं कळतं. पण ते चुकीचं असतं असं थोडंच आहे? आणि तुम्ही बघितलंत, सही केलीत. मग मी कोण विचारणारा?"

"विचारायला हवं होतं," स्वरूप म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की जहूरभाईंनी विचारलं असतं तर आपण काय केलं असतं. सौम्यपणे हसून त्यांचा एखादा उच्चार सुधारला असता.

गाडीत बसल्यावर त्याने लगेच किल्ली फिरवली नाही. काचेतून समोर पाट्याच पाट्या दिसत होत्या, गॅरेजच्या, लोखंडाच्या, काचेच्या, प्रत्येकीवर दोन तरी भाषा. इतकी वर्षं या रस्त्याने तो जात होता. त्याने ठरवून एकेक वाचायला सुरुवात केली, अर्थासकट, आणि तिसऱ्या पाटीलाच दमला. हे आश्चर्य होतं. वाचणं इतकं जड असतं? की आपण इतके दिवस वाचत नव्हतोच, नुसते ओळखत होतो, ओळखीच्या माणसाला लांबून हात करावा तसे, थांबून न बोलता? त्याने फोन उघडून मंडळाचा शेवटचा संदेश काढला, स्वतःच लिहिलेला. ‘आपल्या समृद्ध भाषिक वारशाचे जतन व संवर्धन करण्याच्या दृष्टीने सर्वांनी सहकुटुंब उपस्थिती दर्शवावी.’ अक्षरं निर्दोष होती. त्याने तो एकनाथच्या डोळ्यांनी वाचून पाहिला, म्हणजे यातलं करायचं काय, या हिशेबाने, आणि शेवटी हाताला एकच गोष्ट लागली : यावं. एवढं सगळं लिहून तो ‘या’ एवढंच म्हणत होता, आणि तेसुद्धा म्हणत नव्हता, दर्शवत होता.

घरी आकांक्षा जेवणाच्या टेबलावर शाळेचं काहीतरी करत बसली होती. आठवीत होती. शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, आणि शुक्रवारी सकाळी मंडळाचा मराठी वर्ग, जो स्वरूपनेच सुरू केला होता आणि ज्याला ती कंटाळून जायची. त्याने बोर्डाचा फोटो तिच्यापुढे धरला. काही न सांगता म्हणाला, "हे वाच बरं."

तिने बोट ठेवून वाचलं, अक्षराला अक्षर जोडत, एरवी ज्याचा त्याला राग यायचा तसं. "यं-त्र. यंत्र म्हणजे मशीन ना? थां-बे-पर्यंत. अन्टिल इट स्टॉप्स. हात... स्व... स्वच्छ ठेवा." ती थांबली. कपाळावर आठी आली. "बाबा, क्लीन का? मशीन थांबेपर्यंत हँड्स क्लीन? आणि नंतर डर्टी चालतील? मला चुकीचं वाचता आलं का?"

"नाही," तो म्हणाला. "बरोबर वाचलंस."

"मग हे बरोबर नाहीये. हे असं कोण म्हणेल?"

स्वयंपाकघरातून सोनल म्हणाली, "तिला येत नाही म्हणून अडली ती. तुला येतं, तू कशाला थांबशील?" तिने ते सहज म्हटलं होतं, कढईत झारा चालवताना. मुलीचं अडखळणं तो दोन वर्षं दुरुस्त करत होता. भरभर वाच, चिकटून वाच, मोठ्याने वाच. तिने त्याचं ऐकलं असतं तर आज तीही एका दमात वाचून गेली असती.

रात्रीच्या जेवणाआधी तो बाल्कनीत बसला. खाली घुब्रा वस्तीतल्या इमारतींमधून संध्याकाळची अजान येत होती, एकीच्या पाठोपाठ दुसरी. आणि कुठलंही कारण नसताना त्याला चिपळूणच्या शाळेतली चौथी आठवली. चौथीच्या बाई शेवटच्या तासाला एक खेळ घ्यायच्या. तोंडाने अवाक्षर न काढता फळ्यावर एक वाक्य लिहायच्या, ‘उभे राहा’, ‘उजवा हात डोक्यावर ठेवा’, ‘खिडकीकडे बघा’, आणि वाचून जो आधी करेल तो जिंकला. स्वरूप या खेळात नेहमी पुढे असायचा. आता इतक्या वर्षांनी, बाल्कनीच्या गरम कठड्यावर हात ठेवून, त्याला त्या पुढे असण्याची युक्ती स्पष्ट आठवली, आणि आजवर ती कशी आठवली नाही याचंच नवल वाटलं. तो फळा वाचतच नव्हता. पुढच्या बाकावरच्या मुनिबाकडे बघायचा. खोतांच्या आळीतली मुनिबा, दोन घट्ट वेण्यांची, ओठ हलवत वाचायची. ती हलली की तो हलायचा, आणि तिच्यापेक्षा चपळ होता म्हणून जिंकायचा. एकदा बाईंनी लिहिलं, ‘बसून राहा, हसू नका.’ मुनिबाला खिडकीतून कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठली, आणि सबंध वर्गात तिच्यामागे एकटा स्वरूप ताडकन उभा राहिला, हात वर करून, जिंकल्यासारखा. मुलं हसली. बाई मात्र रागावल्या नाहीत. जवळ आल्या, त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं विचारलं, "काय वाचलंस तू?"

त्याने काय उत्तर दिलं होतं ते त्याला आठवेना. शुद्धलेखनात त्याला पुढे कायम पैकीच्या पैकी मिळत गेले आणि तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. शुद्धलेखनात शब्द कानावर येतात आणि हातातून कागदावर उतरतात, मध्ये कुठे थांबत नाहीत. त्याचा सगळा अभ्यास असाच झाला होता का? निबंध, डिप्लोमा, सेफ्टीचे कोर्स, भाषा दिनाचं भाषण? आणि मग दर्जा घसरला म्हणजे नेमकं काय घसरलं? ‘न’ आणि ‘ण’ची गोष्ट करताना तो ज्या उंचीवरून बोलत होता, ती उंची कसली होती? त्याला अपमान वाटायला हवा होता. थोडा वाटतही होता. पण त्याहून जास्त, घरातलं नेहमीचं कपाट सरकवल्यावर मागे एक दार निघावं तशी उत्सुकता वाटत होती. दाराच्या पलीकडे काय आहे ते त्याला कळत नव्हतं, पण कपाट परत जागेवर ढकलावंसं वाटत नव्हतं.

सकाळी त्याने रिपोर्ट लिहिला. मूळ कारणाच्या रकान्यात त्याने इंग्रजीत लिहिलं की बोर्डावरील मराठी सूचना चुकीची होती, ती मराठी भाषक अधिकाऱ्याने म्हणजे मी तपासून मंजूर केली होती, आणि जखमी कामगाराने ती सूचना वाचून तंतोतंत पाळली. शेवटचं वाक्य लिहिताना हात जरा थबकला. ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं. ते लिहिल्यावर त्याने जहूरभाईंकडचा लाल अनुस्वाराचा कागद सोबत जोडला.

मॅनेजर महमूद निझव्याचा, शांत, पन्नाशीतला ओमानी माणूस. त्याने रिपोर्ट दोनदा वाचला. दोघांचं बोलणं इंग्रजीत व्हायचं.

"तू स्वतःविरुद्ध लिहिलंयस," तो म्हणाला.

"जे झालं ते लिहिलंय."

"मला लेखी ताकीद द्यावी लागेल. तुझ्या फाइलला राहील."

"माहीत आहे."

महमूदने कागद खाली ठेवला आणि त्यावर तळवा ठेवला. मग त्याने एकदम विचारलं, "त्या बोर्डावर माझीही सही आहे ना?"

"आहे. अरबीसाठी."

"मी इंग्रजीच वाचलं होतं," महमूद म्हणाला. "अरबी आहे एवढं बघितलं." तो उठला, आणि स्वरूपला काही न सांगता जिना उतरून शेडमध्ये गेला. स्वरूप मागोमाग गेला. पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला तो उंच माणूस पिवळ्या बोर्डासमोर उभा राहून पहिली ओळ वाचत होता, ओठ हलवत. मशीनवरचे लोक कामं थांबवून बघायला लागले. त्याने दोनदा वाचलं. मग वळून म्हणाला, "बरोबर आहे," आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, पण फार नाही, कारण लगेच त्याने विचारलं, "बाकीच्या दोन?" हिंदी आणि मल्याळम शेडमधल्याच माणसांकडून तिथल्या तिथे मोठ्याने वाचून घेतल्या. त्या ठीक निघाल्या. ऑफिसात परतल्यावर महमूदने निर्णय सांगितला. एकनाथला तिसरी ताकीद नाही. तो राहील. बोर्ड आजच उतरवायचा. आणि मग त्याने कपाटातून एक जाड फाइल काढून स्वरूपपुढे सरकवली. "हे कामगारांचे ट्रेनिंगचे कागद. प्रत्येकाखाली सही आहे, वाचलं आणि समजलं म्हणून. उद्या कुणी विचारलं तर मी म्हणणार होतो, एकनाथला नियम माहीत होता, हा बघा कागद. आता मला ते म्हणता येत नाही. तू प्रत्येकाबरोबर बस. ज्याच्या त्याच्या भाषेत वाच. मग परत सह्या घे. इन्शाल्ला दोन महिन्यांत होईल."

नव्या बोर्डाचं वाक्य करायला स्वरूपने अख्खी दुपार घालवली. पहिल्यांदा कागदावर आलं ते असं : ‘यंत्र कार्यरत असताना हस्तप्रवेश निषिद्ध.’ ते त्याने एकनाथला वाचून दाखवलं. एकनाथ पापणी न हलवता ऐकत राहिला आणि शेवटी आदराने म्हणाला, "बेस हाय," आणि त्या आदरामुळेच स्वरूपने कागद फाडला. मग ‘मशीन चालू असताना हात लांब ठेवा’ असं लिहिलं.

"लांब म्हंजे किती?" एकनाथने विचारलं.

लांब म्हणजे किती? इतका साधा प्रश्न स्वरूपने आयुष्यात कुठल्याच शब्दाला विचारला नव्हता. दोघांनी मशीनपाशी उभं राहून हात पुढे-मागे करून पाहिले. पत्रा ढकलताना हात जवळ न्यावाच लागतो, मग लांब म्हणून कसं चालेल? रोलरला लावायचा नाही, पत्र्याला चालेल. पण पुसायचं काय? फडकं, हातमोजा, सैल बाही, त्यांचं काय? शेवटी एकनाथच म्हणाला, "साहेब, सरळ लिवा की. मशीन बंद झाल्याबिगर रोलरला हात लावायचा न्हाई. फडकं बी न्यायचं न्हाई." स्वरूपने ‘झाल्याबिगर’चं ‘झाल्याशिवाय’ केलं, मग पेन तसंच धरून थोडा वेळ थांबला, की हे करायची गरज होती का; आणि मग ठेवलं, कारण जहूरभाईंनाही वाचायचं होतं. जहूरभाईंनी छापण्याआधी फोन करून सांगितलं, "या वेळेला मी बोललो वाचून. माझ्या बायकोला पण वाचून दाखवलं. ती बोलली, कळतंय."

"एक सांगू का साहेब," बोर्ड उतरवताना एकनाथ म्हणाला होता, "पयलं वाक्य चांगलं हुतं पर. मी घरी फोनवर बायकूला, रखमाबाईला, सांगितलं हुतं, हितं आपल्या मराठीत लिवलंय, हात सोच्छ ठेवा म्हनून. ती म्हनली, बघा, परदेशात बी काळजी घेत्यात." स्वरूप उतरवलेल्या पत्र्याची दुसरी बाजू धरून नुसता चालत राहिला होता.

पुढच्या रविवारी, कामाचा आठवडा सुरू होताच, पहिला म्हणून त्याने एकनाथलाच ऑफिसात बोलावलं. एकनाथ खुर्चीच्या टोकावर बसला. बोटाची पट्टी आता लहान झाली होती. स्वरूपने फाइल उघडली आणि वाचायला लागला, इंग्रजी ओळ बघायची, मराठीत सांगायची, एकनाथला विचारायचं, काय कळलं? जिथे स्वतःलाच मराठी सापडेना तिथे तो थांबायचा, आणि हे थांबणं वारंवार येत होतं. ‘एंटँगलमेंट’ला तो चार मिनिटं अडला. गुंतणं, अडकणं, ओढलं जाणं. एकनाथ म्हणाला, "घावणं," आणि बोट दाखवलं. स्वरूपने समासात ‘घावणं’ लिहून ठेवलं. दोन पानांना दीड तास लागला. बाहेर कुणीतरी चहा ठेवून गेलं, तो गार झाला. आकांक्षासारखं आपण वाचतोय असं त्याला एकदा वाटलं आणि त्याने अक्षराखाली खरंच बोट ठेवलं.

पहिला कागद संपला. तळाशी एक ओळ होती, आणि तिच्याखाली एकनाथची सहा वर्षांपूर्वीची सही, मोठ्या मोठ्या सुट्या अक्षरांत.

"हितं काय लिवलंय?" एकनाथने विचारलं. "ह्येच्याखाली मी दर टायमाला सही केली."

स्वरूपने ओळ वाचली. तिचं मराठी सोपं होतं, एकदम आलं. "वरील सर्व मजकूर मी वाचला असून," तो म्हणाला, आणि थांबला, आणि पुन्हा म्हणाला, "हे सगळं मी वाचलं. आणि मला समजलं."

एकनाथने कागद स्वतःकडे फिरवून घेतला. आपल्या सहीकडे बघितलं, मग वरच्या ओळीकडे, मग बाजूच्या मोकळ्या जागेकडे. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"आन् न्हाई समजलं," त्याने विचारलं, "तर त्ये कुठं लिवायचं असतंय?"

स्वरूपने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि मग उलटून मागची बाजू पाहिली. मागची बाजू कोरी होती. त्याने खिशातलं पेन काढलं आणि एकनाथपुढे धरलं.